मोटारीचा पल्ला, थंडीचे दिवस आणि आपले लॉगबुक



विजेच्या मोटारीवर बोलावयाचे ठरले, तेव्हापासून आपणांपैकी अनेकांनी मला प्रश्न विचारले. शब्द निरनिराळे असले, तरी त्यांतले बहुतेक दोन प्रश्नांत सामावतात. पहिला असा की, एकदा बॅटरी पूर्ण भरली म्हणजे गाडी किती किलोमीटर जाते? दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो : थंडीत ही गाडी निम्म्यावरच थांबते असे ऐकतो, ते खरे काय? हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांचा मुलगा, पुतण्या किंवा भाची बहुधा कॅनडात वा अमेरिकेत असते आणि तिकडच्या बर्फातील अनुभव टेलिफोनवरून इकडे पोहोचलेला असतो. विचारणारा मात्र निफाडचा किंवा साकोलीचा असतो. दहा-पंधरा लाख रुपये म्हणजे पुष्कळ घरांत आयुष्यभराच्या शिलकीचा मोठा वाटा असतो. तो ऐकीव गोष्टीवर खर्चू नये. पण ऐकीव गोष्टीमुळे हात आखडता घेणेही बरे नव्हे.

पहिल्या प्रश्नाला सरळ आकड्याचे उत्तर देण्याचे मी नेहमी टाळतो. याचे कारण असे की, पल्ला हा केवळ गाडीचा गुण नाही. गाडी, रस्ता, वेग, हवामान आणि चालवणाऱ्याचा दिवसाचा क्रम या सर्वांचा मिळून तो ठरतो. कंपनीच्या पत्रकावरील आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही. तो आपला नसतो, इतकेच. आपल्या देशात हा आकडा ठरवण्यासाठी जे चालनचक्र वापरले जाते, त्यात गाडीचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग तीस-बत्तीसच्या आसपास असतो. गाडी रस्त्यावर नसते, प्रयोगशाळेतील रुळांवर तिची चाके फिरतात. आजवर जाहीर झालेले बहुतेक आकडे वातानुकूलन बंद ठेवून घेतलेल्या चाचणीचे आहेत. अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आपल्याच पुण्यात आहे. दोन गाड्यांची परस्पर तुलना करावयाची तर अशी चाचणी हवीच. एकच फूटपट्टी सर्वांना लावली पाहिजे. परंतु तो आकडा घेऊन कोणी थेट प्रवासाला निघाले, तर वाटेत पंचाईत होईल.

आता हिशेब करू. त्यासाठी नवे मोजमाप शिकण्याची गरज नाही. आपल्या वीजबिलावर जे ‘युनिट’ असते तेच येथे उपयोगी पडते. बॅटरीत किती युनिटे मावतात, ही झाली टाकीची मापे; आणि एका युनिटात गाडी किती जाते, हे झाले तिचे ‘अॅव्हरेज’. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या भारतीय बनावटीच्या एका मोटारीची बॅटरी साडेचाळीस युनिटांची होती आणि जाहीर केलेला पल्ला ४३७ किलोमीटर होता. म्हणजे एका युनिटात जवळजवळ ११ किलोमीटर. प्रत्यक्षात राज्यमार्गावर ताशी ७०-८० च्या वेगाने आणि वातानुकूलन चालू ठेवून अशा आकाराची मोटार एका युनिटात साधारण ७ किलोमीटर जाते असे धरावे. शिवाय टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत कोणी शहाणा मनुष्य गाडी चालवीत नाही. १५ टक्के वीज राखीव ठेवावी. मग उरतात सुमारे ३४ युनिटे आणि त्यांचे होतात सुमारे २४० किलोमीटर. पत्रकावरचे ४३७ आणि आपल्या वहीतले २४० यांतील अंतर एकदा मनाशी मान्य केले, की पुढील विचार सोपा होतो.

वेगाचा परिणाम पेट्रोलच्या गाडीतही असतो, पण तेथे तो आपल्या फारसा नजरेस येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास तोच किलोमीटर कापण्यासाठी हवेशी झगडण्याचा खर्च सव्वादोन पट होतो. आपल्या साडेचाळीस युनिटांच्या गाडीचे युनिटमागे ७ किलोमीटर घसरून साडेचार-पाचावर येतात. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला, आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या राज्याच्या विद्युत वाहन धोरणात या मार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकरातून सूट देण्याचे ठरले. सूट स्वागतार्हच आहे. मात्र मोकळा, सरळ रस्ता पाहून जो पायाचा दाब वाढवील, त्याच्या २४० चे १६० होतील आणि पथकराचे वाचलेले पैसे चार्जिंगच्या थांब्यावर चहापाण्यात जातील.

घाटाचा हिशेब त्याहून मजेदार आहे. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना मोटार सुमारे साडेपाचशे मीटर उंच चढते. माणसांसह सोळाशे किलोग्रॅम वजन इतके वर नेण्यास अडीच युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणजे सपाटीवरचे सतरा-अठरा किलोमीटर केवळ उंचीपायी खर्च होतात. मात्र उतरताना ब्रेकऐवजी मोटारच जनित्राचे काम करते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलची गाडी घाट उतरताना टाकीत पेट्रोल परत भरीत नाही. घाटात राहणाऱ्या माणसाने म्हणूनच विजेच्या गाडीला भिण्याचे कारण नाही. फक्त वर पोहोचण्यापुरती वीज शिल्लक आहे ना, एवढे पाहिले पाहिजे.

आता थंडीकडे वळतो. त्यासाठी काही वेळ आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागेल, कारण खरी थंडी तेथे आहे.

थंडीत पल्ला कमी होतो याला दोन कारणे आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिले कारण बॅटरीच्या पोटातले आहे. लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभारित कण एका द्रावणातून इकडून तिकडे जातात. गारठ्यात ते द्रावण घट्टसर होते, कणांची चाल मंदावते, अंतर्गत विरोध वाढतो. वीज नाहीशी होत नाही, पण ती सहजासहजी बाहेर येत नाही. आत जाण्याचीही तीच तऱ्हा : गोठणबिंदूच्या खाली जोराने चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर बसण्याचा धोका असतो, म्हणून नियंत्रण यंत्रणा चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करते. उतारावर वीज परत घेण्याचे कामही बॅटरी तापेपर्यंत हात राखून चालते.

दुसरे कारण अधिक मोठे आहे, आणि ते माणसाच्या सोयीचे आहे. पेट्रोलचे इंजिन हे वस्तुतः फार उधळे यंत्र होय. इंधनातील बहुतांश शक्ती ते उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. थंड देशांत याच वाया जाणाऱ्या उष्णतेवर गाडीतील माणसे फुकट शेकत आली. विजेची मोटार काटकसरी असल्यामुळे तिच्याजवळ अशी फुकटची ऊब नसते. आतली हवा तापवण्यासाठी तिला बॅटरीतूनच खर्च करावा लागतो. काटकसरी घरात पाहुण्यांची शेकोटी पदरमोड करून पेटवावी लागते, तसे हे आहे.

या दोन कारणांचा वाटा किती, हे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच मोटारींवर प्रयोग करून मोजले. शून्याखाली सुमारे ७ अंश सेल्सिअस तापमानात, आतला हीटर बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. हीटर लावल्याबरोबर घट ४१ टक्क्यांवर गेली. म्हणजे बॅटरीच्या गारठ्यापेक्षा आपल्या हातापायांची ऊब महाग पडली. आपल्या उदाहरणातील २४० किलोमीटर त्या हिशेबाने १४० च्या आसपास येतात. पुतण्याने सांगितलेली ‘निम्म्यावर’ची गोष्ट अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

यातही एक मेख आहे. चाकांचा खर्च किलोमीटरवर मोजला जातो, उबेचा खर्च तासांवर. समजा हीटर तासाला ४ युनिटे घेतो. मोकळ्या रस्त्यावर त्या तासात मोटार ८० किलोमीटर जाईल. तिच्या गतीसाठी ११-१२ युनिटे लागतील, त्यात ऊब चारांची. परंतु बर्फात वाहतूक खोळंबली आणि त्याच तासात २० किलोमीटरच कापले, तर चाकांना तीन युनिटे आणि उबेला चार, असा उलटा प्रकार होतो. म्हणून थंड प्रदेशात शहरातल्या शहरात थोडे थोडे हिंडणाऱ्याला युनिटमागचे किलोमीटर पाहून धक्का बसतो. पण त्याचे एकूण अंतरच थोडे असल्याने त्याचे काही अडत नाही. अडते ते एका दमात लांब जाणाऱ्याचे, वाटेत चार्जिंगची सोय नसेल तर.

नॉर्वे या देशाचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. त्याचा मोठा भाग उत्तर ध्रुववृत्ताच्या वर पसरलेला आहे. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या. आता कोणी म्हणेल की, तेथील सरकारने वर्षानुवर्षे करांत भरघोस सवलती दिल्या म्हणून. ते खरेच आहे. सवलतींशिवाय हे इतक्या झपाट्याने झाले नसते. परंतु करसवलतीने गाडी घेता येते, जानेवारीच्या पहाटे ती चालू होत नाही. तेथील ऑटोमोबाइल फेडरेशन २०२० पासून दर हिवाळ्यात निरनिराळ्या मोटारी बर्फातल्या रस्त्यांवर वीज संपेपर्यंत चालवून पाहते आणि निकाल प्रसिद्ध करते. त्यांत काही गाड्या जाहीर पल्ल्याच्या पुष्कळ जवळ राहतात, तर काहींचा पल्ला तिसऱ्या हिश्श्याने किंवा कधी त्याहूनही अधिक घटतो. गाडीगाडीत इतका फरक आहे, आणि त्याचे एक कारण ‘हीट पंप’ हे असते. घरातला फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो आणि त्यामुळे त्याच उबेला वीज कमी लागते.

नॉर्वेजियन गृहस्थ यावर काय करतो? तो रात्री घराशी गाडी जोडून ठेवतो आणि सकाळी निघण्यापूर्वी, गाडी जोडलेली असतानाच, आतली हवा आणि बॅटरी तापवून घेतो. ती वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नव्हे. बैठकीला आणि हातातल्या चक्राला ऊब देण्याची सोय असते तीच तो अधिक वापरतो, कारण सगळी हवा तापवण्यापेक्षा ते स्वस्त पडते. यात त्याला नवल वाटत नाही. उत्तर युरोपात आणि कॅनडात पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांनाही रात्री विजेचा हीटर लावून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. कडाक्याच्या थंडीत ती यंत्रेही सुखासुखी चालू होत नसत.

याच्या उलट चित्र जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात दिसले. पारा शून्याखाली १८ अंशांच्याही खाली गेला आणि सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर मोटारींच्या रांगा लागल्या. कित्येक गाड्या वीज संपून तेथेच उभ्या राहिल्या. बॅटरी गार असल्याने चार्जिंग मंद, ते मंद म्हणून रांग लांब, आणि रांगेत थांबलेला प्रत्येकजण हीटर लावून उरलीसुरली वीज संपवीत बसलेला. गाड्या साधारण त्याच जातीच्या, थंडीही तशीच. फरक रात्री गाडी कोठे मुक्काम करते यात होता. ज्यांच्या घरी चार्जिंगची सोय होती त्यांना त्या रांगेत उभे राहण्याचे कारण नव्हते.

येथून परत घरी येऊ. आपल्याकडे निफाडला पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात. परंतु गोठणबिंदूच्या खाली दिवसेंदिवस राहणारी थंडी महाराष्ट्रात नाही. पहाटे पहिली काही मिनिटे उतारावर वीज परत येण्याचे प्रमाण कमी राहील, पल्ल्यात किरकोळ फरक पडेल, एवढेच. आपला ‘हिवाळा’ एप्रिल-मे महिन्यांत येतो! चंद्रपूरला पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा जे उत्तरेकडे हीटर करतो ते येथे वातानुकूलन करते. त्याच अमेरिकन प्रयोगात ३५ अंशांना वातानुकूलन चालू असताना पल्ला १७ टक्क्यांनी घटला होता. आपला उन्हाळा त्याहून कडक आहे, तेव्हा १७ ही किमान घट समजावी. शिवाय उन्हात तापलेली बॅटरीही जलद चार्ज होण्यास कुरकुरते, आणि सततची उष्णता तिचे आयुष्य कमी करते. गाडी सावलीत उभी करण्याची शिफारस म्हणूनच मी आवर्जून करतो.

आता आपल्यासमोर बसलेल्यांतील एखादे केंद्रप्रमुख डोळ्यांपुढे आणा. शाळाभेटी धरून त्यांचे रोजचे फिरणे ४५ किलोमीटर आहे. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी बैठक : जाण्याचे ८५, येण्याचे ८५, वाटेत एक घाट. रोजच्या फिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी तासाला साधारण ३ युनिटे घेते. रात्रीतून २० युनिटे जरी भरली, तरी ती १४० किलोमीटरची बेगमी झाली. यासाठी जागा स्वतःची हवी आणि अर्थिंग नीट हवे. गावाकडील पुष्कळ घरांत अर्थिंगची तार नावालाच असते आणि अशा ठिकाणी चार्जर बहुधा चालूच होत नाही. गाडी घेण्यापूर्वी वायरमनला बोलावून हे पाहून घ्यावे; हा खर्च थोडा आहे आणि तो टाळू नये. ज्यांना गाडी रस्त्यावर किंवा देवळाच्या पटांगणात उभी करावी लागते, त्यांना मी आज तरी ही गाडी घ्या असे सांगणार नाही.

बैठकीच्या दिवसाचा हिशेब मे महिन्याचा करावा, डिसेंबरचा नव्हे. २४० मधून उन्हाळ्याचे १७ टक्के वजा जाता २००, घाटात जाऊन येऊन निव्वळ दहा किलोमीटर गेले असे धरू, राहिले १९०. प्रवास १७० चा. नवी गाडी जाऊन येईल, थोडी धाकधूक होईल. परंतु बॅटरी काळाप्रमाणे क्षीण होते. अनेक उत्पादक तिच्यासाठी ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. सावधपणे असे धरू की, आठव्या वर्षी तिची धारणशक्ती ८० टक्के राहील. मग २४० चे १९२, उन्हाळ्यात १६०, घाट वजा जाता १५०. केंद्रप्रमुख वीस किलोमीटर अलीकडे अडकतील! हा हिशेब आज, कर्जाचे कागद भरण्यापूर्वी, करावयाचा आहे. आठव्या वर्षी नव्हे.

आपण किती फिरतो हे आपल्याला ठाऊक असते असा आपला समज असतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. शासकीय वाहनाचे लॉगबुक भरण्याची सवय आपणांपैकी कित्येकांना आहे. तसेच स्वतःच्या गाडीचे एक महिना भरून पाहा : सकाळचा आकडा, रात्रीचा आकडा, गाडी कोठे किती वेळ उभी होती. या तिसऱ्या रकान्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण तोच फार बोलका असतो. वर्षातून एकदा पंढरपूरला किंवा लेकीच्या गावी जाण्यासाठी मोठ्या बॅटरीचे जादा दोन-तीन लाख मोजावे, वाटेत तासभर थांबून जलद चार्जिंग करावे, की त्या दिवशी सरळ एस. टी. ने जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी स्वतः तिसरा पर्याय निवडीन. माझ्या घरच्यांचे मत निराळे आहे.

आपल्या केंद्रप्रमुखांकडे पुन्हा एकदा पाहू. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात असे आढळेल की, बैठकीच्या दिवशी गाडी जिल्ह्याच्या आवारात चार तास नुसती उभी असते. तेथे झाडाखाली साधे १५ अँपिअरचे सॉकेट असते, तर त्या चार तासांत ११-१२ युनिटे भरली असती. म्हणजे सुमारे पाऊणशे किलोमीटर, आणि कमी पडत होते वीस. त्यासाठी लाखो रुपयांचे जलद चार्जिंग केंद्र लागत नाही. योग्य जाडीची तार, चांगले अर्थिंग, पावसापासून आडोसा आणि स्वतंत्र मीटर एवढ्याने भागते. मीटर स्वतंत्र असावा हे मी मुद्दाम सांगतो, कारण बारा युनिटांचे पैसे कोणी द्यावयाचे यावरून लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि सॉकेटला कुलूप लागेल. वापरणाऱ्याने नोंदवहीत आकडा लिहून दर महिन्याला पैसे भरावेत, अशी व्यवस्था ग्रामपंचायतीच्या किंवा पंचायत समितीच्या आवारात ठरावाने करता येण्याजोगी आहे. येथे बसलेल्या सदस्यांनी पुढच्या मासिक सभेपूर्वी आपल्या आवारात गाड्या कोठे उभ्या राहतात, तेथे सावली आहे काय आणि जवळचा विजेचा खांब किती अंतरावर आहे, एवढे पाहून ठेवावे. अर्थिंगची चाचणी पावसाळ्यानंतर घेऊ नये. ओल्या जमिनीत ते चांगलेच दिसते. ती मे महिन्यात घ्यावी.